आखूड बॅरल, .२२३ आणि हरीण: काडतूस निवडण्याचे माझे नऊ महिने

मी सांगली जिल्ह्यातली, गेली बरीच वर्षं टेक्सासमध्ये. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये लॅनो काउंटीत मी पहिल्यांदा हरणाची शिकार केली, साडेअकरा इंची बॅरलच्या (म्हणजे नळीच्या) .२२३ रायफलीने. (.२२३, .३०८ हे आकडे म्हणजे गोळीची साधारण जाडी, इंचात.) तयारी फेब्रुवारीत सुरू झाली होती. सगळ्यात जास्त वेळ गेला तो काडतूस ठरवण्यात, आणि मराठीत विचारायला कोणी नव्हतं. रँचवर बोलावणं आलंय पण सुरुवात कुठून करायची कळत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथली व्यवस्था वेगळी आहे. पांढऱ्या शेपटीची हरणं लॅनोच्या माळांवर इतकी आहेत की राज्य सरकारच दरवर्षी किती मारायची याची मर्यादा ठरवून देतं.

आधी व्हिसाचं, कारण आपल्या लोकांसाठी ही पहिली पायरी आहे. मी अमेरिकन नागरिक आहे. ग्रीन कार्डवाल्यांनाही बंदूक बाळगता येते. पण एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याप्रमाणे बंदूक आणि काडतुसं दोन्ही हातात घ्यायला मनाई आहे. मित्राची रायफल रेंजवर सहज चालवून बघणंसुद्धा त्यात आलं. वैध शिकार परवाना असेल तर अपवाद आहे, पण तो आपल्याला लागू होतो का हे वकिलाकडून लेखी घ्या. व्हिसा पणाला लावून कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

मार्चमध्ये हंटर एज्युकेशन केलं. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते लागतं. सतरा आणि त्याहून जास्त वयाच्यांना सगळं ऑनलाइन उरकता येतं, पण मी १५ डॉलर भरून वर्गात बसले. हरणाचं चित्र समोर ठेवून फुप्फुसं कुठे, हृदय कुठे, हरीण तिरकं उभं असेल तर गोळी कुठून कुठे जाईल, हे शिक्षकांनी बोट ठेवून दाखवलं. पुढे काडतूस निवडताना तो तास फार कामाला आला. शक्य असेल तर वर्गातच जा.

आता आखूड बॅरल कशासाठी. नवऱ्याकडे दोन रायफली आहेत, एक .३०८ आणि एक सोळा इंची .२२३. मी पाच फुटांची. .३०८चा धक्का मला सोसतो, पण तिसऱ्या-चौथ्या गोळीनंतर चाप ओढायच्या आधीच खांदा आक्रसतो. सोळा इंचीला पुढे सात इंचांचा सायलेन्सर लावला की ती लाकडी ब्लाइंडच्या (शिकाऱ्याने लपून बसायच्या खोपटाच्या) खिडकीत वळवता येत नाही, चौकटीला आपटते, आणि हरणाला तेवढा आवाज पुरतो. सायलेन्सर तर मला हवाच होता. .२२३चा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, आखूड बॅरलमधून आणखी कर्कश येतो, आणि ब्लाइंड म्हणजे बंद खोकंच. (सायलेन्सर असला तरी कानावर मफ्स घालाच.) साडेअकरा अधिक सात म्हणजे साडेअठरा इंच; एवढं खिडकीत नीट बसतं.

पण सोळा इंचांच्या आत आलात की रायफल राष्ट्रीय नोंदणीत जाते. एटीएफच्या (बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल खात्याच्या) मंजुरीशिवाय अशी रायफल बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून घरी बॅरल बदलून बघू असला विचारही मनात आणू नका. मी कारखान्यातूनच आखूड आलेली रायफल डीलरकडे पसंत केली. ती साधारण १३०० डॉलरला पडली, सायलेन्सर ७००ला, आणि दोन्हींवर प्रत्येकी २०० डॉलर कर. अर्ज माझ्या एकटीच्या नावावर केला असता तर मी घरात नसताना नवऱ्याला ती रायफल हाताळता आली नसती. म्हणून छोटा ट्रस्ट केला. मग दोघांचे फोटो, दोघांचे बोटांचे ठसे, दोघांचे वेगळे फॉर्म, आणि शेरीफच्या कार्यालयाला पाठवायची प्रत. ठसे घेणाऱ्या यंत्रावर नवऱ्याचे ठसे उमटेनात. आदल्या रात्री हाताला क्रीम लावून झोपा असं तिथल्या बाईंनी सांगितलं आणि दुसऱ्या वेळी काम झालं.

एप्रिलच्या शेवटी अर्ज गेले. सायलेन्सरची मंजुरी मेमध्ये आली, रायफलची जूनमध्ये. तोवर दोन्ही वस्तू डीलरच्याच ताब्यात. मी दुकानात जाऊन ती रायफल खांद्याला लावून पाहायचे आणि परत ठेवून यायचे. घ्यायला गेल्यावर पुन्हा बंदूक खरेदीचा ४४७३ फॉर्म भरावा लागतो. मंजुरीच्या कागदाची प्रत रायफलीच्या पिशवीत कायम ठेवा. राज्याबाहेर न्यायची असेल तर आधी एटीएफकडून वेगळी परवानगी लागते.

४ जुलै २०२५ला नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०२६पासून हा २०० डॉलरचा कर शून्य झाला. फॉर्म, ठसे, फोटो, मंजुरी हे सगळं मात्र तसंच आहे. एवढा व्याप नको असेल तर सोळा इंची घ्या. त्यात वेगही जास्त मिळतो. मी आखूड घेतली ती खिडकीसाठी आणि माझ्या उंचीसाठी.

जुलै-ऑगस्ट काडतुसांत गेले. घरात सरावासाठी ५५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) एफएमजे काडतुसं पडून होती, तांब्याच्या कवचातलं शिसं. ती रेंजवर ठीक आहेत. हरणात ती गोळी फुलत नाही. कधी सरळ आरपार जाते, कधी आत उलटते, कधी तुटते. काय होईल ते आधी सांगता येत नाही, आणि जिवंत जनावरावर असा जुगार मला खेळायचा नव्हता. दुसरं टोक म्हणजे कोल्ह्या-सशांसाठीच्या हलक्या गोळ्या. त्या कातडीखाली दोन-तीन इंचांत फुटून जातात, खांद्याच्या हाडापुढे त्यांचं काही चालत नाही. ७७ ग्रेनच्या मॅच, म्हणजे नेमबाजी स्पर्धेच्या, गोळ्यांनी हरणं मारणारे लोक आहेत, पण त्या कागदावर छिद्रं पाडायला बनवलेल्या आहेत. हरणासाठी म्हणून बनवलेल्या गोळ्या उपलब्ध असताना मला तिकडे जायचं कारण दिसलं नाही.

उरल्या दोन जाती. एक, बाँडेड सॉफ्ट पॉइंट. यात शिसं कवचाला पक्कं जोडलेलं असतं. पुढचं तोंड पसरतं, पण मागचा भाग एकसंध राहून आत जातो. दुसरी, निव्वळ तांब्याची पोकळ तोंडाची गोळी; आत शिरताच तिच्या पाकळ्या उघडतात आणि वजन जवळजवळ सगळं टिकतं. पहिल्या जातीतली मी फेडरलची फ्यूजन एमएसआर, ६२ ग्रेन घेतली. दुसऱ्या जातीतली बार्न्सची टीएसएक्स, ५५ ग्रेन. वीस काडतुसांचं खोकं पहिल्याचं ३०-३५ डॉलरचं, दुसऱ्याचं ४०च्या वर.

खोक्यावरचा वेग आणि आपल्या रायफलीतला वेग यांतलं अंतर कोणीतरी मला फेब्रुवारीतच सांगायला हवं होतं. .२२३चा प्रमाणित वेग २४ इंची बॅरलमधून मोजतात. माझं बॅरल त्याच्या निम्म्याहून आखूड. दारूला जळायला जागाच पुरत नाही, उरलेली बाहेर भडकते, आणि दर इंचामागे साधारण २५ ते ५० फूट प्रति सेकंद वेग कमी होतो. बॅरल जितकं आखूड, तितका प्रत्येक इंच महाग. बार्न्सच्या खोक्यावर ३२४० होतं. माझ्या रायफलीतून क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) २७००च्या आसपास आलं. फ्यूजन एमएसआरची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते काडतूस अशाच रायफलींसाठी बनवलंय आणि त्याचा २७५०चा आकडा सोळा इंची बॅरलमधून मोजलेला आहे. त्यामुळे माझ्याकडे ते २५५०ला थोडं कमी आलं, म्हणजे घसरण कमी दिसली. दोन खोक्यांवरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नाही, ती याच कारणाने. क्रोनोग्राफ विकत घ्यायची गरज नाही. रेंजवर कोणाकडे तरी असतो आणि माणसं आनंदाने मोजून देतात.

बॅरलच्या तोंडाशी असलेला वेगही अर्धीच गोष्ट सांगतो. हरणापाशी पोचताना काय उरतं ते महत्त्वाचं. ५५ ग्रेनची गोळी हलकी, हवेत लवकर दमते. ६२ ग्रेनची हळू निघते पण वेग टिकवते. हिशोब केला तर १०० यार्डांवर दोघी २३००च्या आसपास जवळजवळ बरोबरीत येतात आणि २०० यार्डांवर ६२वाली पुढे जाते. तांब्याच्या गोळीला पाकळ्या उघडायला वेग लागतो. साधारण १८०० ते २०००च्या खाली गेली की ती अर्धवट उघडते किंवा पेन्सिलीसारखी आरपार जाते. माझ्या बॅरलमधून टीएसएक्स २०० यार्डांवर नेमकी त्या काठावर येते. तेव्हा मी कागदावर लिहून भिंतीला लावलं: १०० यार्डांपलीकडे चाप ओढायचा नाही. रँचवरच्या ब्लाइंडपासून फीडर (हरणांसाठी दाणे टाकणारं यंत्र) ७० यार्डांवर आहे, त्यामुळे ही मर्यादा पाळणं जमण्यासारखं होतं. आधी अंतर ठरवा, मग त्या अंतरावर उरणारा वेग बघा, मग गोळी निवडा. मी उलट्या क्रमाने सल्ले देणारे फार ऐकले.

ऊर्जेचंही सांगते. हरणासाठी १००० फूट-पाउंड हवेत असा एक जुना ठोकताळा आहे. माझ्या रायफलीतून १०० यार्डांवर दोन्ही गोळ्या ७००च्या आगेमागे भरतात. टेक्सासमध्ये हा कायदा नाही; इथे फक्त रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणाऱ्या, लहान) काडतुसांना हरणासाठी मनाई आहे. हिल कंट्रीतली, म्हणजे लॅनोच्या आसपासच्या टेकड्यांमधली, हरणंही उत्तरेकडच्या थंड राज्यांतल्या हरणांच्या मानाने लहान असतात. पण इतर राज्यांत असाल तर आधी नियम वाचा. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर, किमान १६ इंची बॅरल, किमान ७० ग्रेनची फुलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा लागते, म्हणजे माझी रायफल तिथे चारही अटींवर बाद. व्हर्जिनियात किमान .२३ आहे, तिथे .२२३ नेमकी हुकते. रिचमंडच्या मैत्रिणीने माझं ऐकून तेच काडतूस घ्यायचं ठरवलं होतं. "ताई, दुकानात जायच्या आधी फोन केला ते बरं झालं," म्हणाली.

.३०० ब्लॅकआउटबद्दल सगळे विचारतात, म्हणून तेही. ते काडतूस आखूड बॅरलसाठीच घडवलंय, दारू नऊ-दहा इंचांत जळून जाते, गोळी जाड आणि जड. निव्वळ कामगिरी बघितली तर माझ्या गरजेला तेच जास्त योग्य होतं. पण आमच्या घरात .२२३ची रायफल आधीपासून आहे. दोन्हींचं मॅगझिन एकच, आणि .३००चं काडतूस .२२३च्या रायफलीत जाऊन बसू शकतं. चाप ओढला की रायफल फुटते. एकाच कपाटात ही दोन काडतुसं ठेवायला मी तयार नव्हते. तुमच्याकडे .२२३ नसेल तर .३००चा विचार जरूर करा.

शेवटी मी तांब्याची टीएसएक्स घेतली, ती शिशामुळे. मांस माझी दोन मुलं खाणार होती. शिशाची गोळी आत फुटते तेव्हा जखमेपासून बऱ्याच लांबपर्यंत बारीक कण उडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, एक्स-रेत दिसतात. २००८ साली नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं सापडल्यावर तो टाकून द्यायला सांगितलं गेलं. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९पासून सगळ्याच शिकारीला शिसं बंद आहे. बाँडेड गोळी कमी फुटते, हे खरं. तरी मुलांच्या बाबतीत मला कमी-जास्तात जायचं नव्हतं.

विकत घेण्याआधी बॅरलचा पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या वळणदार खाचा) बघा. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी जास्त लांब होते, आणि लांब गोळी स्थिर राहायला पीळ घट्ट लागतो. माझ्या बॅरलमध्ये सात इंचांत एक फेरा आहे, म्हणून प्रश्न आला नाही. जुन्या, बारा इंचांत एक फेरा असलेल्या बॅरलमध्ये जड गोळ्या आडव्या होऊन कागदाला लागतात. बॅरलवर .२२३ लिहिलंय की ५.५६ तेही वाचा. ५.५६च्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) दोन्ही काडतुसं चालतात, .२२३च्या चेंबरमध्ये ५.५६ वापरू नये.

सप्टेंबरमध्ये रँचवाल्या आजोबांनी दुधाचे रिकामे गॅलनचे डबे पाण्याने भरून एकामागे एक मांडून दिले. ७० यार्डांवरून एक गोळी झाडली. पहिला डबा शिवणीवर उभा फाटला, पुढच्यांना भोकं पडली, आणि गोळी एका डब्याच्या तळाशी मिळाली. पाकळ्या मागे वळलेल्या, कडा चकचकीत, तोंडाची रुंदी मूळच्या जवळपास दुप्पट. आजोबांकडे दारू मोजायचा काटा होता, त्यावर ती ५४ ग्रेन भरली. पाणी म्हणजे हरीण नव्हे हे मला कळतं. पण माझ्या बॅरलच्या वेगात, माझ्या अंतरावर ही गोळी उघडते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर मन स्वस्थ झालं.

नेम ५० यार्डांवर बसवला, सायलेन्सर लावून आणि शिकारीचंच काडतूस वापरून. सरावाचं काडतूस माझ्या रायफलीत दोन इंच डावीकडे लागतं, त्यामुळे स्वस्त काडतुसावर नेम बसवून महागड्याने शिकार करायची हे चालत नाही. या प्रकारच्या रायफलीत दुर्बीण बॅरलच्या अडीच इंच वर असते. ५० वर बरोबर असलं की ७० वर अर्धा-पाऊण इंच आणि १०० वर इंचभर वर लागतं. अगदी जवळ, १५-२० यार्डांवर, मात्र खाली लागतं. एकाच लॉट नंबरची तीन खोकी एकदम घ्या. सरावाची स्वस्त काडतुसं वेगळी घ्या आणि बसून, गुडघ्यावर, खिडकीच्या चौकटीवर टेकवून, सगळ्या तऱ्हांनी चालवा. टेबलावरचा नेम ब्लाइंडमध्ये उपयोगाचा नाही.

परवाना १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असा चालतो. रहिवाशाचा साधा परवाना २५ डॉलर, हरणाचे टॅग (मारलेल्या हरणाला लावायच्या चिठ्ठ्या) त्यातच येतात.

हंगाम १ नोव्हेंबरला उघडला. पहिल्या आठवड्याची गर्दी टाळून आम्ही दुसऱ्या शनिवारी गेलो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते. सकाळी फीडरवर आधी चितळ आले. हो, आपलेच चितळ, ठिपक्यांसकट. १९३२मध्ये ते टेक्सासमध्ये आणले गेले आणि आता हिल कंट्रीत मोकळे फिरतात. मेळघाटात ऐकलेला तोच भुंकल्यासारखा इशारा लॅनोच्या ओकच्या झाडीतून आला आणि मी कितीतरी वेळ रायफल विसरून बसले होते.

संध्याकाळी पाच वाजायच्या सुमाराला तीन माद्या आल्या. नोव्हेंबरपर्यंत पाडसांचं दूध सुटलेलं असतं, तरी सोबत लहान कोणी नाही ना ते मी बराच वेळ पाहिलं. मोठी मादी समोरून चालत आली. छातीत समोरून गोळी घालायची नाही असं मी ठरवलेलं; .२२३ला आडवंच हरीण हवं. ती आडवी झाली, पण मागे दुसरी उभी होती. तांब्याची गोळी आरपार जाते, त्यामुळे मागे काय आहे ते बघणं आलंच. छातीत धडधड इतकी की दुर्बिणीतली रेघ हलत होती. मागची बाजूला झाली, मी श्वास सोडला, पुढच्या पायाच्या मागे, एक तृतीयांश उंचीवर रेघ आली आणि चाप ओढला.

ती उसळली आणि झाडीत गेली. आजोबांनी सांगितलं होतं, पडताना दिसलं नाही तर अर्धा तास जागचं हलायचं नाही. माग काढायला लगेच गेलं तर जखमी जनावर मैलभर पळतं. तो अर्धा तास मला सगळ्या मंजुऱ्यांच्या वाट पाहण्याहून जड गेला. मग टॉर्च घेऊन गेलो. गवतावर फेसाळ, गुलाबी रक्त होतं, म्हणजे फुप्फुस. पन्नासेक पावलांवर ती पडलेली होती. दोन्ही फुप्फुसांतून गोळी आरपार गेली होती. मी तिच्या मानेवर हात ठेवून बसले, बरंच रडले. नवरा काही बोलला नाही, ते बरं वाटलं.

टॅग तिथल्या तिथे लावावा लागतो. त्यावरची तारीख-महिना कापायचा, रँचचं नाव आणि काउंटी लिहायची, परवान्यामागची नोंद भरायची. अंधारात हे करायचं म्हणजे पेन आणि छोटी कात्री खिशात हवी. त्या दिवशी हवा उबदार होती, म्हणून आतडी लगेच काढून पोटात बर्फाच्या पिशव्या भरल्या. दुसऱ्या दिवशी कसायाकडे दिली, १३० डॉलर लागले, जवळपास तीस पाउंड मांस आलं. जखमेभोवतीचं रक्त साकळलेलं मांस मी तरीही हातभर कापून टाकायला सांगितलं. या मांसात चरबी जवळजवळ नसते, म्हणून आपल्या मटणासारखं नुसतं शिजवलं तर चिवट होतं. रात्रभर दही-आलं-लसूण लावून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर तीन तास ठेवलं तेव्हा मुलांनी वाढून घेतलं.

यंदा आजोबांनी चितळाच्या नरासाठी बोलावलंय. त्याला हंगामाचं बंधन नाही, टॅग नाही, परवाना पुरतो. पण तो लॅनोच्या मादीच्या दुपटीहून भारी जनावर आहे, खांदा रुंद, आणि साडेअकरा इंची .२२३ मी त्याच्यावर रोखणार नाही. त्यासाठी .३०८ सोसायची सवय लावते आहे. खांद्याला जाड रबरी पॅड बसवून घेतलंय, आणि नवऱ्याच्या रायफलीला तांब्याची कोणती गोळी मानवते ते पुढच्या महिन्यात रेंजवर बघणार आहे.